इंजिन खाडीनं खाल्लं नाही

"काका, खाडीचं पाणी आहे. इंजिन खाणारच."

हे वाक्य मी नवी मुंबईत बेलापूरच्या जेट्टीवर ऐकलंय, दिवाळे गावच्या बंदरात ऐकलंय, सारसोळेला आणि ऐरोलीलाही ऐकलंय. बोलणारा कधी बोटीचा शेठ असतो, कधी मिस्त्री, कधी परवाच बोटीवर चढलेला खलाशी. समोर हेड उतरवून ठेवलेलं असतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गंजून गाईडमध्ये अडकलेले असतात, पुशरॉड वाकलेले असतात आणि सगळे मिळून पाण्याकडे बोट दाखवत असतात. त्यामागोमाग दुसरं वाक्य येतं, "समुद्रातलं इंजिन तीन सीझनचंच असतं." आणि कोणी फार खोदून विचारलंच तर तिसरं, "आजकाल मालच हलका येतो."

या तीन वाक्यांचा मला राग आहे. या किनाऱ्यावर कर्जं काढून घेतलेली चांगली इंजिनं या वाक्यांपायी भंगारात गेलेली मी पाहिली आहेत, आणि त्यातली बहुतेक वाचवता आली असती.

आधी हे मत नीट मांडतो, कारण ते मूर्ख माणसांचं मत नाही. मीठ लोखंडाला खातं हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ठाण्याच्या आणि पनवेलच्या खाडीत त्यावर शहराचं सांडपाणी येतं, कारखान्यांचं येतं, गाळ येतो, प्लास्टिक येतं. अशा पाण्यावर इंजिन थंड करायचं आणि ते पंधरा वर्षं टिकावं म्हणायचं, ही अपेक्षाच चूक आहे. तेव्हा देखभालीत पैसा घालण्यापेक्षा चालेल तोवर चालवावं, बसलं की खोलावं, खोलूनही भागलं नाही की बदलावं. असा हा हिशेब. ऐकायला व्यवहारी वाटतो. तो चुकीचा आहे, आणि तो कुठे चुकतो ते त्याच खाडीत दिसतं.

काही वर्षांपूर्वी एका स्पीडबोटीचं काम माझ्याकडे आलं होतं. बोटीत दोन डिझेल इंजिनं, एकाच दिवशी बसवलेली. उजवं इंजिन बसलं होतं. हेड काढलं तर दोन सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर गंजाचे खड्डे, एक व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहून अडकलेला, त्याचा पुशरॉड वाकलेला, कॅमच्या एका लोबचं नाक झिजून बोथट झालेलं. शेठ नेहमीचं वाक्य बोलले. मी विचारलं, "मग डावं इंजिन कुठल्या पाण्यात चालतं?"

डाव्या इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं. तीच खाडी, तेच डिझेल, तितकेच तास, तोच तांडेल. खारं पाणी उजव्या डाव्याचा भेद करतं का? कंपनीनं एकाच खोक्यातून एक चांगला आणि एक हलका माल पाठवला होता का? चौकशी केली तेव्हा फरक कळला. उजव्या बाजूची बॅटरी वर्षभर अशक्त होती आणि त्या इंजिनाच्या डिझेल लाइनमध्ये हवा धरायची. रोज सकाळी ते चालू करायला पाच, सात, दहा वेळा स्टार्टर मारावा लागे. एवढंच. पण या "एवढंच"मध्ये त्या इंजिनाचा मृत्यू होता, आणि तो कसा, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

बोटीच्या आतल्या इंजिनाचा धूर साधारण चारशे-पाचशे अंशांचा असतो. तो फायबरच्या बोटीतून रबरी नळीनं बाहेर न्यायचा तर आधी थंड करावा लागतो. त्यासाठी पंप खाडीचं पाणी ओढतो, ते इंजिनाला किंवा हीट एक्स्चेंजरला थंड करतं आणि शेवटी एक्झॉस्टच्या वळणदार नळीत, म्हणजे राइजरमध्ये किंवा एल्बोमध्ये, धुरात सोडलं जातं. तिथून पाणी आणि धूर एकत्र बाहेर पडतात. तांडेल रोज सकाळी "पाणी मारतंय का बघ" म्हणतो ते हेच पाणी. म्हणजे अशा प्रत्येक बोटीत खारं पाणी एक्झॉस्ट व्हॉल्व्हपासून हातभर अंतरावर वाहत असतं. ते तिथे चोरून शिरलेलं नसतं, आपणच पंपानं नेऊन सोडलेलं असतं. ते मागे वळून व्हॉल्व्हकडे येणार नाही याची सगळी जबाबदारी नळीच्या उंचीवर, उतारावर आणि धुराच्या जोरावर असते.

आता स्टार्टर मारताना काय होतं ते पाहा. इंजिन फिरतं, त्याच्याबरोबर पाण्याचा पंपही फिरतो. पाणी एक्झॉस्टमध्ये पडत राहतं. पण इंजिन पेटलेलंच नाही, तर पाण्याला बाहेर ढकलणारा धूर कुठून येणार? ते पाणी वॉटरलॉक सायलेन्सरमध्ये साचतं. समजा रिकाम्या चालीवर पंप मिनिटाला बारा लिटर पाणी देतो. स्टार्टरवर इंजिन त्याच्या तिसऱ्या हिश्श्यानं फिरतं, म्हणजे मिनिटाला चार लिटर. दहा लिटरचा सायलेन्सर अडीच मिनिटांत भरतो. पंधरा-पंधरा सेकंदांचे दहा प्रयत्न, झाली अडीच मिनिटं! त्यानंतर पाण्याला एकच वाट उरते, उघड्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरची.

आणि सिलिंडरला किती पाणी पुरतं? एक लिटरचा सिलिंडर धरा, डिझेलचं दाबप्रमाण साडेसतरास एक. पिस्टन वर पोचतो तेव्हा त्याच्या डोक्यावर साधारण ६० मिलिलिटर जागा उरते. कटिंग चहाएवढी! हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. तेवढ्या पाण्यानं कनेक्टिंग रॉड वाकतो. त्याहून कमी पाणी गेलं तर इंजिन चालू होतं, थोडा पांढरा धूर टाकतं आणि सगळे सुटकेचा श्वास घेतात. खरं नुकसान तिथून सुरू होतं. व्हॉल्व्हच्या दांड्यावर, सीटवर, गाईडमध्ये खारा ओलावा राहतो. बोट दोन दिवस उभी राहते. तिसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह गंजाला घासत वरखाली होतो.

यावर उपाय काय होता? इंजिन पहिल्या दोन-तीन प्रयत्नांत पेटलं नाही तर सी-कॉक, म्हणजे खाडीचं पाणी आत घेणारा कॉक, बंद करायचा आणि पेटताक्षणी उघडायचा. सायलेन्सरच्या तळाचा ड्रेन प्लग काढून पाणी सोडायचं. आणि बॅटरी बदलायची. एक बॅटरी न बदलल्यामुळे हेड, कॅम आणि अख्खा सीझन गेला. याला खाडीनं खाल्लं म्हणायचं?

मिठाच्या सिद्धांताला उत्तर देणारी आणखी एक साक्ष आपल्या किनाऱ्यावर दर पावसाळ्यात उभी असते. मासेमारीच्या बऱ्याच लाकडी बोटींचा एक्झॉस्ट कोरडा असतो. पाइप सरळ आकाशाकडे गेलेला, त्यात समुद्राचं पाणी सोडलेलंच नसतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढून शाकारलेल्या. अशा बोटीच्या पाइपचं तोंड उघडं राहिलं तर दोन महिन्यांचा कोकणातला पाऊस थेट मॅनिफोल्डमध्ये उतरतो आणि जो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्या वेळी उघडा असेल त्याच्यावर साचतो. नारळी पौर्णिमेच्या सुमारास इंजिन फिरवायला जावं तर ते जाम. पावसाच्या पाण्यात मीठ किती असतं? त्या व्हॉल्व्हला खाडीचा थेंबही लागलेला नव्हता, तरी तो तसाच गंजला, तसाच अडकला. जुने नाखवा पाइपवर पत्र्याचा डबा उपडा घालून सुतळीनं बांधत. त्यांनी धातुशास्त्र वाचलेलं नव्हतं. पण इंजिन मरतं ते पाणी आत गेल्यानं, मग ते खारं असो की गोडं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तो डबा आजही काही बोटींवर दिसतो आणि दिसला की मला बरं वाटतं.

आता उंचीकडे येतो. राइजरचं सर्वांत उंच वळण पाण्याच्या रेषेपासून किती वर असावं, हे इंजिन बनवणाऱ्यांच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. साधारणपणे एक फूट किंवा त्याहून जास्त, आणि तेही बोट पूर्ण भरलेली असताना. पाणी सोडण्याची जागा पाण्याच्या रेषेपासून १५ सेंटीमीटरहून कमी उंचीवर असेल तर पाण्याच्या नळीला वर नेऊन हवेची झडप लावावी लागते, नाही तर इंजिन बंद झाल्यावरही सायफननं पाणी आत ओढलं जात राहतं. हे गुपित नाही. पण नवी मुंबईतल्या किती बोटमालकांनी हे अंतर पट्टी लावून मोजलंय? मी विचारतो तेव्हा बहुतेक जण माझ्याकडे पाहत राहतात. बोट विकत घेतली तेव्हा ते अंतर बरोबर असेलही. मग मागे डिझेलची जादा टाकी आली, बर्फाची पेटी आली, दोन बाकं वाढली, जुनं इंजिन काढून दुसऱ्या बोटीतलं बसवलं. बोट मागे चार बोटं खाली बसली आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

शिवाय आपल्या खाडीची एक गोष्ट परदेशी पुस्तकात सापडणार नाही. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या घरात जातो. ओहोटीला आपल्याकडच्या बोटी पाण्यावर नसतात, गाळात बसलेल्या असतात. इंजिन मागे असल्यामुळे मागचा भाग जास्त रुततो. भरतीचं पाणी चढू लागतं तेव्हा बोट लगेच उचलत नाही. गाळ तिला धरून ठेवतो, पाणी मात्र वाढतच असतं. तेवढ्या वेळात एक्झॉस्टचं तोंड नेहमीच्या रेषेच्या बरंच खाली गेलेलं असतं. राइजर बुटका असेल आणि तोंडावरची रबरी झडप तुटलेली असेल तर पाणी सरळ वळण ओलांडून आत येतं. रात्री दोन वाजता, बोटीवर कोणी नसताना. सकाळी तांडेल येतो, बोट मजेत तरंगत असते, त्याला काय कळणार? तो चावी फिरवतो. यात खाडीचा दोष कुठे आहे? गाळ शंभर वर्षांपूर्वीही होता. ज्या गावात कोळ्यांची पोरं कुठल्या भागात बोट किती रुतते हे चालता चालता शिकतात, त्या गावात एक्झॉस्टचं तोंड लाकडी गुडदीनं बंद करून ठेवणं आणि सकाळी आठवणीनं काढणं अवघड आहे का? गुडदीला लाल चिंधी बांधून तिचं दुसरं टोक चावीला अडकवा, विसरणार नाही.

पुढचा समज असा की हळू चालवलं की इंजिन टिकतं. हा मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो काळजीच्या सुरात सांगितला जातो. फ्लेमिंगो पाहायला निघालेली बोट हळूच चालली पाहिजे, त्यात वादच नाही. फ्लेमिंगोंचा तो भाग अभयारण्य आहे. जेट्टीवर गिऱ्हाइकाची वाट पाहताना इंजिन तासभर रिकामं चालू ठेवणं मात्र इंजिनावर दया नाही. पेट्रोल इंजिनात एक्झॉस्ट आणि इनटेक व्हॉल्व्ह क्षणभर दोन्ही उघडे असतात. इंजिन मंद फिरत असताना इनटेकच्या बाजूला ओढ जास्त असते, धुराला जोर कमी असतो. त्या क्षणी एक्झॉस्टमधला ओला वायू उलटा सिलिंडरकडे ओढला जातो. मिनिटाला सातशे फेऱ्या, तासभर, रोज. थेंब दिसत नाहीत, पण व्हॉल्व्हच्या दांड्याला ओलावा लागत राहतो. डिझेलमध्ये ही ओढ तेवढी नसते, पण तिथे थंड सिलिंडरात अर्धवट जळलेलं डिझेल काजळी होऊन व्हॉल्व्हला चिकटतं आणि उरलेलं तेलात उतरतं. उपाय साधा आहे. थांबायचं असेल तर इंजिन बंद करा. हळू चालून आलात तर परतीच्या वाटेवर मोकळ्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं इंजिनाला पूर्ण गरम होऊ द्या, भार घेऊ द्या, मग लावा.

याच्या अगदी उलट सवय भरधाव येऊन जेट्टीजवळ एकदम थ्रॉटल ओढण्याची. बोटीनं मागे उचललेली लाट बोटीच्या मागोमाग धावत असते. बोट थांबते, लाट थांबत नाही. ती मागून येऊन एक्झॉस्टच्या तोंडावर आदळते, नेमक्या त्याच वेळी इंजिनाचा धूर मंदावलेला असतो. तोंडावरचा रबरी फ्लॅपर फाटला असेल तर ती लाट किती आत जाईल हे दैवावर. असा थाटात थांबणारा तांडेल सगळ्यांना हुशार वाटतो. मला त्याच्या व्हॉल्व्हची काळजी वाटते.

थर्मोस्टॅटबद्दल थोडक्यात बोलतो, कारण त्यावर बोलू लागलो की आवाज चढतो. "मुंबईच्या उन्हात थर्मोस्टॅट कशाला? काढून टाका, इंजिन थंड राहील." हा सल्ला देणारे मिस्त्री आहेत आणि तो मानणारे मालकही आहेत. इंजिन थंड राहतं हे खरंच आहे. थंड राहतं म्हणून तेलातलं पाणी उडून जात नाही, पेट्रोल किंवा डिझेल तेलात मिसळतं आणि व्हॉल्व्ह गाईडवर चिकट काजळी बसते. थेट खाऱ्या पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनाचा थर्मोस्टॅट साठ अंशांच्या आसपास उघडतो, कारण त्याहून फार वर गेलं की क्षार आतल्या वाटांत बसू लागतात. हीट एक्स्चेंजरवाल्याचा त्याहून वर उघडतो. कोणीतरी विचार करून ठरवलेले आकडे आहेत हे. इंजिन तापत असेल तर गाळणीत अडकलेली प्लास्टिकची पिशवी काढा, इम्पेलरची पाती गाळानं झिजली असतील तर तो बदला. ज्यानं इंजिनाची काळजी घ्यायची तो भागच उपटून टाकणं ही कुठली दुरुस्ती?

आता त्या "हलक्या माला"बद्दल. मर्क्रूझरची स्टर्नड्राइव्ह इंजिनं आपल्याकडच्या स्पीडबोटींत वर्षानुवर्षं चालली. त्यातली ४.३ लिटरची सहा सिलिंडरची आणि ५.७ लिटरची आठ सिलिंडरची इंजिनं जनरल मोटर्सच्या गाड्यांच्या इंजिनांवर बेतलेली. तीच घराणी अमेरिकेच्या रस्त्यांवर लाखो किलोमीटर धावली. रॉकर तसेच, पुशरॉडही तसेच. मग इथे ती हलकी कशी झाली? गाडीच्या आणि बोटीच्या इंजिनात मोठा फरक आहे तो एक्झॉस्टचा. गाडीचा कोरडा, बोटीचा ओला.

आणि इथेच "तीन सीझन" या आकड्याचा उलगडा होतो. तो आकडा काही हवेतून आलेला नाही. खाऱ्या पाण्यावर थेट चालणारे बिडाचे मॅनिफोल्ड आणि राइजर आतून खरंच तीन ते पाच वर्षांत पातळ होतात. त्यांच्या जोडावरचं गॅस्केट तर त्याआधीच गळू लागतं, आणि ते गळलेलं पाणी उतारानं थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर जातं. तेव्हा तीन सीझन हे आयुष्य खरं आहे, पण ते राइजरचं आहे. ब्रेकचे लायनर झिजले म्हणून कोणी ट्रक भंगारात काढतं का? राइजर हा झिजायलाच बसवलेला भाग. दरवर्षी काढून आत पाहायचा, गंजाचे पापुद्रे निघू लागले की बदलायचा. बाहेरून रंग मारून तो नवा होत नाही. आपण मात्र राइजरचं वय इंजिनाच्या कपाळावर लिहून मोकळे झालो.

इतकं सगळं झाल्यावर टॅपेट वाजू लागतात. टक, टक, टक. मिस्त्री येतो, कव्हर उघडतो, फिलर गेज घालतो, स्क्रू आवळतो, आवाज बंद होतो, पैसे घेऊन जातो. महिन्याभरानं पुन्हा टकटक. तीन हजार फेऱ्यांवर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो, तासाला नव्वद हजार वेळा. त्याच्या सेटिंगमध्ये काही बदललं तर ते का बदललं, हा प्रश्न पहिला. गॅप वाढत चालली असेल तर कॅम, टॅपेट किंवा रॉकर झिजतोय. गॅप कमी होत चालली असेल तर व्हॉल्व्ह सीटमध्ये आत चाललाय आणि थोड्याच दिवसांत पुरता बंद होईनासा होऊन जळेल. दोन्ही आजार वेगळे, आणि कारण विचारल्याविना आवळलेला स्क्रू दोन्ही झाकतो. म्हणून प्रत्येक सेटिंगच्या वेळी प्रत्येक व्हॉल्व्हचं जुनं माप वहीत लिहा. दोन रुपयांच्या पेन्सिलीनं होणारं काम आहे.

झिजण्याचं मूळ बहुतेक वेळा तेलात सापडतं. कॅमचं नाक आणि टॅपेट यांच्यातला दाब इंजिनातल्या सर्वांत मोठ्या दाबांपैकी. तिथे धातूंमध्ये असतो तो तेलाचा एक पातळ पडदा. तेलात पाणी गेलं की तेल दुधाळ होतं आणि पडदा फाटतो. "तेल काळं झालं की बदलू" असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, पांढरं झालं तर? डिझेल इंजिनाचं तेल काळं होणं म्हणजे ते काजळी धरून ठेवतंय. पांढरं होणं म्हणजे इंजिन बुडतंय. आणि मोटारगाडीचं नवं तेल बोटीत ओतू नका. गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जपण्यासाठी त्यातलं फॉस्फरस कमी केलेलं असतं, आणि जुन्या धाटणीच्या सपाट टॅपेटचा कॅम त्याच फॉस्फरस-जस्ताच्या जोरावर टिकतो. पुस्तकात सांगितलेल्या प्रतीचंच तेल घ्या.

पाणी गेलंच, तर त्याच दिवशी वागणं महत्त्वाचं. नोझल किंवा प्लग काढा, सी-कॉक बंद करून इंजिन फिरवा, पाणी बाहेर उडू द्या. सिलिंडरमध्ये आणि व्हॉल्व्हवर तेल फवारा. तेल-फिल्टर बदला, इंजिन चालवून गरम करा, पुन्हा बदला, दुधाळपणा जाईपर्यंत बदलत राहा. दुसऱ्या दिवशीवर टाकाल तर गंज तुमची वाट पाहणार नाही. आज किनाऱ्यावर नेमकं उलट होतं. इंजिन पेटलं ना? मग रविवार गाठू, गिऱ्हाईक आहे. तो रविवार मिळतो आणि त्यानंतरचे चार महिने जातात.

"बंद इंजिनाची झीज कशी होईल?" असं पावसाळ्याबद्दल म्हणतात. चालू इंजिनावर तेलाचा थर असतो. उभ्या इंजिनावरून तो ओघळून जातो, आणि सहा सिलिंडरच्या इंजिनात कुठला ना कुठला व्हॉल्व्ह उघडा असतोच. जुलैची हवा त्यातून आत जाते. बोट वर घेण्याआधी गोड्या पाण्यानं धुवा, तेल जुनं सोडून नवं भरा, इनटेकमधून तेल फवारून मग बंद करा, एक्झॉस्टचं तोंड बांधा, आणि दर पंधरवड्याला इंजिन हातानं दोन फेरे फिरवा. नारळी पौर्णिमेला आपण समुद्राला नारळ देतो, बोटीची पूजा करतो. त्या श्रद्धेचा मला आदर आहे. त्याच दिवशी कव्हर उघडून रॉकरवर तेल आहे का, एवढं पाहिलं तर ती पूजा अपुरी राहील का?

राहिला पैशाचा मुद्दा. "हे सगळं परवडत नाही." कोणाला? गॅस्केटच्या किमतीची हेडच्या किमतीशी तुलना करा, हेडची इंजिनाशी. आणि ज्यांचा हिशेब कधीच मांडला जात नाही ते खलाशी त्यात धरा. बोट उभी राहिली की त्यांची मजुरी थांबते. शेठ दुसरं कर्ज काढू शकतो, खलाशी काय काढणार? बोटीतला प्रवासीही धरा. बेलापूरहून निघालेली बोट जेएनपीए बंदराच्या मोठ्या जहाजांच्या वाटेत बंद पडली तर तिथे "मालच हलका येतो" हे वाक्य कोणाला ऐकवणार?

बेलापूरच्या जलटॅक्सीचं उद्घाटन १७ फेब्रुवारी २०२२ ला झालं. नवी मुंबई विमानतळाचं ८ ऑक्टोबर २०२५ ला. या खाडीतून माणसं नेण्याचे बेत वाढत जाणार, इंजिनं वाढणार. प्रत्येक जेट्टीवर इंजिन धुवायला गोड्या पाण्याचा नळ द्या, आणि प्रवासी बोटीच्या तपासणीत लाइफ जॅकेटांच्या जोडीला राइजरची उंची मोजा, अशी माझी मेरिटाइम बोर्डाकडे मागणी आहे. पण त्यासाठी कोणी थांबायचं कारण नाही.

खाडीनं इंजिन खाल्लं असं जो म्हणेल त्याला मी यापुढे तीन गोष्टी दाखवायला सांगणार आहे: राइजर, तेल आणि टॅपेटच्या मापांची वही. तिन्ही ठीक असूनही व्हॉल्व्ह गेले असतील तर मी माझं म्हणणं जाहीर मागे घेईन. आजवर मी उघडलेल्या एकाही इंजिनात तिन्ही ठीक सापडलेल्या नाहीत.

तुमची बोट असेल तर उद्या जेट्टीवर जाताना खिशात एक फूटपट्टी ठेवा. डिझेल भरलेलं, माणसं बसलेली असताना पाण्यापासून राइजरच्या माथ्यापर्यंतचं अंतर मोजा. फुटाहून कमी भरलं तर त्या दिवशी बोट सोडू नका.